एकशे तीस अंशांचा झोका

माझे सासरे सुकदेव आबा यांच्याकडे जगातल्या कुठल्याही भांडणावर एकच औषध आहे : मधला मार्ग. सुरतेच्या गोडादऱ्यातल्या आमच्या खान्देशी मंडळाचे ते अध्यक्ष. दोन भावांचं मधल्या भिंतीवरून वाजलं, की आबा भिंत थोडी इकडे आणि थोडी तिकडे सरकवतात. नवरा म्हणतो बायकोनं नोकरी सोडावी आणि बायको म्हणते सोडणार नाही, तर आबा तिला अर्ध्या दिवसाची नोकरी शोधायला सांगतात. दोघंही तोंड पाडून घरी जातात आणि आबा समाधानानं म्हणतात, "चाली जाई." गल्लीतले गुजराती लोक त्यांना 'वच्चेनो रस्तो' म्हणतात. ते कौतुकानं म्हणतात की कंटाळून, हे मी इतक्या वर्षांत आबांना सांगितलेलं नाही.

मी त्यांची सून, वर्षा. माहेर धुळ्याचं, शिक्षण रसायनशास्त्रात एम.एस्सी. जवळच कडोदऱ्याला आमचं झिंक प्लेटिंगचं छोटं युनिट आहे, तिथल्या लॅबमध्ये मी बसते. लॅब म्हणजे एक टेबल, थोडी काचेची भांडी आणि गिऱ्हाइकांना दाखवायला मी. "आमनी वहू एम.एस्सी. शे," असं आबा येणाऱ्या प्रत्येकाला अभिमानानं सांगतात. मग मी काही सांगायला तोंड उघडलं, की मला चहाचं बघायला पाठवतात.

आमच्याकडे लूमचे सुटे भाग येतात, नटबोल्ट येतात. ते आधी ऍसिडच्या हौदात बुडवून साफ करायचे, मग झिंकच्या हौदात सोडायचे, की चांदीसारखे चमकून बाहेर येतात. गिऱ्हाईक खूश होतं. पण ऍसिडमध्ये लोखंड बुडवलं की बुडबुडे उठतात, तो असतो हायड्रोजन. सगळाच काही बुडबुडा होऊन वर येत नाही. थोडा लोखंडात शिरतो. जगातला सगळ्यात लहान अणू, त्याला दार लागत नाही. पोलादाच्या अणूंमध्ये ज्या फटी असतात त्यांतून तो उड्या मारत आत जातो, आणि वरून झिंकचा थर बसला की आतच अडकतो.

मऊ लोखंडाला त्याचं फारसं काही होत नाही. कडक पोलादाचं मात्र वाटोळं होतं. म्हणून कडक बोल्टांना प्लेटिंग केल्यावर लगेच ओव्हनमध्ये दोनशे अंशांवर कितीतरी तास भाजावं लागतं. त्या उष्णतेत हायड्रोजन सैरावैरा धावतो आणि बाहेर निघून जातो. याच्या उलट, कडाक्याच्या थंडीत तो जागचा हलतच नाही, असेल तिथे गारठून बसतो. दोन्हीकडे धोका कमी. खरा घात होतो मधल्या तापमानात, म्हणजे तुमच्याआमच्या घरात जेवढं असतं तेवढ्यात. तिथे तो ना बाहेर पडतो, ना गप्प बसतो. सावकाश चालत राहतो आणि बोल्टाला जिथे सगळ्यात जास्त ओढ बसते, त्या आट्यांच्या खाचेत जाऊन गोळा होतो. मग एक दिवस कुणी काही न करता बोल्ट तुटतो.

हे मी आबांना पहिल्यांदा समजावून सांगितलं, तेव्हा ते म्हणाले होते, "म्हंजे मधला मार्ग खराब?" मी म्हटलं, "हायड्रोजनसाठी खराब." ते हसले आणि म्हणाले, की मग हायड्रोजनलाच अजून मंडळाची सवय नाही.

या वर्षीच्या आखाजीला मंडळानं मोठा झोका बांधायचं ठरवलं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या लेकींचा सण. गावाकडे सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, निंबाच्या फांदीला झोका बांधतात आणि पोटभर झुलतात. गोडादऱ्यात निंब होता तो रस्तारुंदीत गेला. म्हणून पत्र्याच्या शेडवाल्याकडून दोन माणूस उंचीची लोखंडी कमान करून घेतली आणि मैदानात उभी केली. झोक्याच्या साखळ्या कमानीला ज्या बोल्टांवर लटकणार, ते आमच्या युनिटनं द्यायचे होते. आबांनी बाजारातले सगळ्यात कडक, सगळ्यात महाग पोलादाचे बोल्ट मागवले. "आपला आंडेरीसना, लेकीसना झोका शे," ते म्हणाले, "साधा बोल्ट लावसूत का?" वर त्यांना झिंकची चमक हवी होती, कारण उद्घाटनाचे फोटो निघणार होते. बॅनर आधीच छापून झाला होता : सुरतेतला सर्वांत मजबूत झोका. शेजारी आबांचा हात जोडलेला फोटो.

खरं म्हणजे कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातले साधे, तेलकट, काळे बोल्ट जन्मभर टिकले असते. पण साध्याला बॅनरवर जागा नसते.

आखाजीसाठी माझी नणंद योगिता बारडोलीहून आली. ती माझ्याहून लहान आहे, पण नणंद म्हणून मी तिला ताईच म्हणते. दोन वर्षांनी येत होती. मागच्या दोन्ही आखाजींना तिच्या सासरी कुणी ना कुणी नेमकं आजारी पडलं. ती दारात उभी राहिली तेव्हा नवी साडी होती, हातभर बांगड्या होत्या, चेहऱ्यावर पावडर होती. सासूबाई प्रमिलाबाई म्हणाल्या, "देख, कशी चमकी राह्यनी." मलाही तसंच वाटलं. मग मी विचारलं, "ताई, चहा की सरबत?" आणि तिचं उत्तर आलंच नाही. ऐकू गेलं होतं, ती माझ्याकडे बघत होती. थोड्या वेळानं, परवानगी कुणाची घ्यायची हे शोधत असल्यासारखी इकडेतिकडे बघून ती म्हणाली, "काही बी."

हीच ती योगिता, जिच्या तोंडाला लग्नाआधी कुलूप लागत नव्हतं. मला रडूच आलं. सरबत करायच्या निमित्तानं मी आत गेले.

तिच्या सासरी तिला मारत नाहीत. हे आधीच सांगते, कारण सगळे तेच आधी सांगतात. तिला कुणी नावानं हाक मारत नाही, एवढंच. नवरा महिनोन्‌महिने बोलत नाही. सासूला काही सांगायचं असेल तर ती भिंतीकडे बघून सांगते. फोन सासऱ्यांच्या कपाटात असतो. योगितानं केलेली भाजी सगळे खातात आणि बरी झाली की वाईट झाली, कुणी बोलत नाही. असं एक दिवस नाही, रोज.

दुसऱ्या दिवशी ती आबांसमोर बसली आणि म्हणाली, "आबा, माले वापस नही जानं."

आबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "त्यास्नी हात लावा का तुले?"

"नही."

"उपाशी ठेवतस?"

"नही."

"मंग?"

आबांनी व्याह्यांना फोन लावला, दोन्ही बाजूंनी बराच वेळ हसणं झालं आणि मधला मार्ग निघाला. आखाजी झाली की व्याही तिला घ्यायला फोन करतील आणि ती परत जाईल. त्या बदल्यात तिला दर रविवारी आईशी फोनवर बोलायला मिळेल. "चाली जाई," आबा म्हणाले. सासूबाई पदरानं डोळे पुसत स्वयंपाकघरात गेल्या. माझा नवरा कुंदन तिथेच बसला होता. त्यानं मोबाइलमधून डोकं वर काढून "बरोबर शे" म्हटलं आणि डोकं परत आत घातलं. ते त्यानं बापाला म्हटलं की बहिणीला, हे त्याचं त्यालाच माहीत.

त्याच आठवड्यात बिबड्यांचं प्रकरण झालं. उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे घातले नाहीत तर सासूबाईंना वर्ष सुरू झाल्यासारखं वाटत नाही. आंबवलेली ज्वारी शिजवायची, तीळ-लसूण-मिरची घालायची, ओल्या फडक्यावर पातळ थापायची आणि उन्हात वाळवायची. ऊन सुरतेत भरपूर आहे. पण मिलच्या चिमण्यांची काजळी त्याहून भरपूर. गच्चीवर सकाळी घातलेले पांढरे बिबडे संध्याकाळी गोळा करावेत, तर वर तेलकट थर बसून काळेकुट्ट. या वर्षी सासूबाईंना युक्ती सुचली. युनिटमध्ये एवढा मोठा ओव्हन आहे, रिकामा कशाला ठेवायचा?

तो रिकामा नसतो हे त्यांना कुणी सांगितलं नाही. मी सांगितलं, पण मी सून.

झालं असं, की झोक्याचे बोल्ट प्लेटिंग होऊन बाहेर आले आणि त्याच वेळी सासूबाई शेजारच्या बायकांना घेऊन टेम्पोतून ओल्या बिबड्यांच्या फळ्या घेऊन कडोदऱ्याला हजर झाल्या. मी बोल्टांच्या ट्रेपुढे उभी राहिले.

"आई, याला दोनशे अंश लागतात. आणि आत्ताच लागतात, उशीर करून चालत नाही."

"दोनशेमां मना बिबडा जळी जातीन," त्या म्हणाल्या. "त्यासले साठ बस व्हई. तुना बोल्ट लोखंडना शेतस, त्यासले काय व्हस? बिबडा ओला शेतस."

"आई, त्या झोक्यावर योगिताताई बसणार आहे."

"मंग बिबडा कोन खाई? तीच खाई ना."

दोघींचा आवाज वाढला तसे आबा ऑफिसमधून बाहेर आले. त्यांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. अगदी मंडळात ऐकतात तशाच, डोळे मिटून. मग मनातल्या मनात साठ आणि दोनशेची बेरीज केली, तिला दोनाने भागलं आणि ओव्हनचा काटा एकशे तीसवर आणून ठेवला. वरच्या कप्प्यात बिबडे, खालच्या कप्प्यात बोल्ट. "दोन्हीस्न मन राखं," ते म्हणाले, आणि बायकांनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू त्यांनी नळाला चोवीस तास पाणी आणलं.

मी काटा परत फिरवायला हात पुढे केला. आबांनी माझा हात धरला नाही, ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "वर्षा, चहाचं देख."

दुपारी ओव्हन उघडला. बिबडे कडेनं करपून वर वळले होते आणि मध्ये ओलेच राहिले होते. बोल्ट मात्र देखणे निघाले. एक डाग नाही. त्यांच्या पोटात हायड्रोजन जसा होता तसाच बसलेला असणार, पण पोटातलं कुणाला दिसतं? झिंकचा थर असा छान बसला होता की बाहेर पडायची वाट त्यानंच बंद केली होती. एकशे तीसनं करपायचे ते करपले आणि जायचा तो गेला नाही. "भाजा ना?" आबांनी मला विचारलं. मी म्हटलं, "भाजले नाहीत, नुसते कोमट झाले." "म्हंजे भाजाच," ते म्हणाले.

झोका बांधायच्या दिवशी मी मैदानात जाऊन मंडळाच्या लोकांसमोर पुन्हा तेच सांगितलं. आता तरी बोल्ट बदला, काळे लावा. मंडळाचे चिटणीस हिलालकाका हे आयुष्यभर लूमवर हातोडी चालवलेले गृहस्थ. त्यांनी एक चमकता बोल्ट दगडावर ठेवला आणि हातोडा घालायला सुरुवात केली. ठण, ठण, ठण. बोल्टाला काही झालं नाही. दगडाचा टवका उडाला.

"देख वहू," हिलालकाका घाम पुसत म्हणाले, "व्हयनं काही? हाई लोखंड शे, बिबडा नही."

"काका, तो घावानं तुटत नाही. वजन लटकून राहिलं की तुटतो. हळूहळू."

"जो घावनी तुटस नही तो वजननी तुटी?"

सगळे हसले. मग कार्यकारिणी साखळ्यांना लोंबकळली आणि कुंदननं त्याची रील काढली. बोल्ट तुटला नाही. उलट माझं एम.एस्सी. तुटलं. योगिता थोडी मागे उभी होती. ती हसली नाही. ती दगडावरच्या बोल्टाकडे बघत राहिली होती.

मला फार राग आला होता, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. झोका बंद पाडायला मी काहीही केलं असतं, पण झोका बंद पडला तर योगिताच्या वाट्याला काय उरणार होतं? आखाजी झाली की ती परत त्या मुक्या घरात जाणार होती. दोन वर्षं ती या झोक्यासाठी थांबली होती. परत न जाणं तिनं मागितलं होतं, ते मिळालं नव्हतं; उरला होता तो हा झोका. तो काढून घ्यायचा नव्हता आणि तिला त्यावरून पडूही द्यायचं नव्हतं.

रात्रभर विचार केला असं म्हणणार नाही, मला गाढ झोप लागते. सकाळी दात घासताना सुचलं. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, आमच्या धुळ्याकडे आखाजीच्या झोक्यावर आधी गौराई बसते. आदल्या दिवसापासून. तिच्यासोबत धान्याची पोती ठेवतात. देवी पुरता दिवस झुलली की मगच लेकी बसतात."

हे साफ खोटं होतं. धुळ्यात कुणी पोती झुलवत नाही.

सासूबाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "आमना गावलेबी तसंच शे. मी इसरी गयथू." तासाभरात ही प्रथा सगळ्या गोडादऱ्याची झाली. हिलालकाकांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, की त्यांच्या आजीनं तर गौराईसोबत सात पोती बसवली होती. एकानं त्यामागचं शास्त्र सांगितलं, दुसऱ्यानं त्यात आरतीची भर घातली. हायड्रोजनसाठी ज्यांना एक मिनिट नव्हतं, त्यांनी गौराईसाठी अख्खा दिवस काढून ठेवला. भंडाऱ्यासाठी आणलेली गव्हाची पोती झोक्याच्या फळीवर रचली गेली. किती रचायची हे मी हळूच सुचवत गेले : तीन धडधाकट बाया बसतील एवढी. वर लाकडाची छोटी गौराई, हळदीकुंकू, आंब्याचं डहाळं.

आबांनी दुरून बघितलं. ते मूर्ख नाहीत. माझ्याजवळ येऊन म्हणाले, "तुना धुळाले कवयपासून पोता झुलतस?" मी म्हटलं, "आबा, हा मधला मार्ग आहे." त्यांनी पोत्यांवर एक नजर टाकली आणि ते निघून गेले.

आखाजीचा दिवस उजाडला. सुरतेचं ऊन डोक्यावर आलं. पुरुषमंडळी मांडवाच्या सावलीत पत्ते कुटत बसली होती, कारण आखाजीला पत्ते खेळणं हा आमच्याकडे धर्म आहे. बायका आमरस काढत होत्या. योगितानं केस धुऊन, तेल लावून वेणी घातली होती आणि ती झोक्याशेजारी उभी होती. गौराईचा मान संपला की पहिला नंबर तिचा. पोती स्थिर लोंबत होती. वारा नव्हता, धक्का नव्हता, कुणी हातही लावलेला नव्हता.

आणि बोल्ट तुटला.

फटाक्यासारखा आवाज झाला. एक साखळी सुटली, पाठोपाठ दुसऱ्या बोल्टावर सगळा भार गेला आणि तोही गेला. फळी, पोती, डहाळं, सगळं धाडकन खाली आलं. एक पोतं फुटून गहू मैदानभर पसरला. पत्ते कुटणाऱ्यांतल्या एकानं पत्ते न टाकता मान वळवून पाहिलं. योगिता दोन पावलांवर उभी होती. गौराई गव्हाच्या ढिगावर आडवी पडली होती, तिला खरचटलंही नव्हतं.

मी पळत जाऊन योगिताला मिठी मारली. मला हुंदका फुटला. पोत्यांच्या जागी तिला बघितलं मी, एका क्षणात.

मंडळाची तातडीची बैठक तिथेच भरली. नजर लागली, असं एक मत पडलं. गहू हलक्या जातीचा होता, असं दुसरं. हिलालकाकांचं म्हणणं, की सुनेनं आधीच अशुभ बोलून ठेवलं होतं म्हणून तुटला. मी त्यांना म्हटलं, "काका, मी बोलले म्हणून तुटायचा असता तर मी आधी दुसऱ्याच कितीतरी गोष्टी बोलले असते." त्यांनी पत्ते उचलले.

आबा बैठकीत नव्हते. ते गव्हात गुडघ्यावर बसून तुटलेल्या बोल्टाचे दोन तुकडे हातात घेऊन बघत होते. बाहेरून झिंक तसंच चमकत होतं. तुटलेली बाजू खडीसाखरेसारखी दाणेदार. वाकणं नाही, ताणणं नाही.

"परवा इतला हातोडा मारा," ते हळूच म्हणाले, "तवय काही व्हयनं नही."

"घावात वेळ नसतो, आबा," मी म्हटलं. "त्याला आट्यांपर्यंत चालत जायला वेळ लागतो. वजन सतत राहिलं, की तो पोचतो."

योगिता माझ्यामागे येऊन उभी राहिली होती. तिनं विचारलं, "वहिनी, आन बाहेरथून काहीच दिसस नही?"

"नाही."

"चमक तशीच राहस?"

"अगदी तशीच."

तिनं मान डोलावली, एखाद्या ओळखीच्या माणसाबद्दल ऐकावं तशी. आबांनी वर बघितलं. तिच्या वेणीकडे, बांगड्यांकडे, पावडर लावलेल्या चेहऱ्याकडे बघत राहिले. नंतर ते उठले आणि कुणाला काही न सांगता कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानाकडे चालायला लागले.

ते काळे, तेलकट, दिसायला दरिद्री बोल्ट घेऊन आले. स्वतः शिडीवर चढून लावले. कुणी तरी म्हणालं, फोटोत बरे दिसणार नाहीत. आबा म्हणाले, "फोटो काढू नका." फळी परत टांगली आणि सगळे पोती आणायला निघाले, तर आबा स्वतःच झोक्यावर जाऊन बसले.

आबा म्हणजे चांगले दोन पोत्यांचा ऐवज. मी म्हटलं, "आबा, हे साधे बोल्ट आहेत, प्लेटिंग नाही, याला काही होत नाही. बसायची गरज नाही."

"तू सांगस ते खरं शे," ते म्हणाले. "पन मी बठस."

उन्हात ते बसून राहिले. झुलले नाहीत, नुसते बसले. सासूबाईंनी आमरसाची वाटी तिथेच आणून दिली आणि डोक्यावर ओला रुमाल टाकला. पोरंटोरं जमली, बाया पदराआड हसल्या, कुंदननं रील काढायला मोबाइल वर केला आणि आबांनी नुसतं बघितल्यावर खाली केला. दुपार कलली तरी ते हलले नाहीत. दोन्ही हातांनी साखळ्या धरून वर बोल्टांकडे बघत होते.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बारडोलीचे व्याही. आबांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर असतो आणि मंडळाचे सगळे निवाडे सगळ्या गल्लीला पाठ असतात.

"आबासाहेब, आखाजी व्हई गई ना? उद्या सकायले गाडी धाडतस."

आबांनी डोक्यावरचा रुमाल काढून मांडीवर ठेवला.

"आबासाहेब?"

"योगिता आते आठेच राही, आमनाकडे," आबा म्हणाले.

पलीकडे हसण्याचा आवाज आला. "अहो, पन आपलं ठरनं व्हतं ना? मधला मार्ग. रविवारना फोन. आन सांगा बरं, इतला वरीसमां आम्ही तुमनी आंडेरले कधी बोट तरी लावं का?"

पत्ते थांबले होते. सगळं मैदान नेहमीसारखं आबांच्या 'चाली जाई'ची वाट बघत होतं. आबांनी खिशात हात घालून मूठ बाहेर काढली. तिच्यात बोल्टाचे दोन तुकडे होते, ते मला बोटांच्या फटीतून दिसले.

"नही लावं," ते म्हणाले. "कोनीच नही लावं. ते मी मान्य करस." आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

हिलालकाका उठून उभे राहिले. "अध्यक्ष, असं कसं? समाजमां काय म्हनतीन? काही तरी मधलं काढा."

"मधलं मनाजवळ व्हतं," आबा म्हणाले. "एकशे तीस. ते आज खाले पडनं."

हिलालकाकांना यातलं काही कळलं नाही. पुढच्या बैठकीत त्यांनी अध्यक्षपदासाठी स्वतःचं नाव सुचवलं आणि ते निवडूनही आले. बॅनर बदलावा लागला. ओव्हनचा काटा आता मी फिरवते. बिबडे गच्चीवर वाळतात, काजळीसकट, आणि आम्ही ते मुकाट खातो.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी ऊन उतरल्यावर आबा झोक्यावरून उठले. बसून बसून त्यांचे पाय आखडले होते, मला आधार द्यावा लागला. त्यांनी फळीवर हात फिरवून धूळ झटकली आणि योगिताला म्हणाले, "ये, बठ."

ती बसली. तिनं साखळ्या धरल्या आणि पाय उचलले. आबा मागे जाऊन उभे राहिले. पहिला झोका त्यांनी अगदी घाबरत दिला, दुसरा जरा मोठा. तिसऱ्याला तिची वेणी उडाली आणि पदर सुटला.

"भेव वाटस का व?" आबांनी मागून विचारलं.

उत्तर लगेच आलं. "नही. आनखी जोरमां."

आबांनी दोन्ही हात लावून झोका ढकलला.